'बायकी' विषयाची गोष्ट

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक ठरावीक संवाद झडतो. मुलगी म्हणते, "मला इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करायचं आहे." वडील क्षणभर गप्प बसतात आणि विचारतात, "त्याचा उपयोग काय?" मग आई मध्यस्थी करते. "असू दे हो, मुलीला बरं आहे. शिक्षिका होईल. निदान इंग्रजी तरी सुधारेल." मुलाने हाच विषय मागितला, तर प्रकरण इतक्या गोडीने मिटत नाही. इंग्रजी साहित्य हा मुलींना 'बरा' विषय आहे, ही समजूत आपल्या मध्यमवर्गात इतकी मुरली आहे की ती आली कुठून, असा प्रश्न कुणाला पडत नाही. ती विलायतेतून आली. तिचे वय आता पावणेदोनशे वर्षांच्या पुढे आहे, आणि तिच्यामागचा इतिहास त्या वडिलांनी आणि त्या मुलीने, दोघांनीही ऐकावा असा आहे.

आपल्या परंपरेतल्या एका गोष्टीपासून सुरुवात केली तर हा इतिहास चटकन उमगेल. संस्कृत नाटकात राजा आणि पुरोहित संस्कृत बोलतात. राणी, दासी आणि सेवक प्राकृत बोलतात. ज्ञानाची भाषा पुरुषांची आणि व्यवहाराची भाषा बायकांची, अशी ती वाटणी. महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी आपल्या शिष्याला संस्कृतात लिहू नको असे बजावले, कारण तसे केले तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ही कथा 'स्मृतिस्थळा'त आहे. मराठी वाङ्मयाच्या उगमापाशीच संस्कृत न येणाऱ्या बायका उभ्या आहेत, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात ग्रीक आणि लॅटिन यांना हेच संस्कृतचे स्थान होते. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकायचे म्हणजे होमर आणि व्हर्जिल शिकायचे. शेक्सपिअर किंवा मिल्टन हे काही 'शिकण्या'चे विषय नव्हते. सभ्य गृहस्थ ते फावल्या वेळी शेकोटीपाशी बसून वाचत. इंग्रजी हे तिथले प्राकृत होते. साहजिकच ते वाट्याला आले बायकांच्या.

१८०७ या एकाच साली इंग्लंडात निघालेली दोन पुस्तके पाहा. पहिले 'द फॅमिली शेक्सपिअर'. वडीलधाऱ्यांना बायकामुलांसमोर मोठ्याने वाचता यावे म्हणून शेक्सपिअरच्या वीस नाटकांतला आक्षेपार्ह भाग त्यातून गाळला होता. पुढे हे काम डॉक्टर टॉमस बाउडलर यांच्या नावावर रुजू झाले आणि काटछाट करण्याला इंग्रजीत त्यांच्या आडनावावरून क्रियापदच तयार झाले. पण ती पहिली कात्री चालवली होती त्यांच्या बहिणीने, हेन्रिएटाने. तिचे नाव पुस्तकावर नव्हते, आणि ते साहजिकच होते. बायकांनी काय वाचू नये हे ठरवण्यासाठी ते सगळे आधी वाचावे लागते आणि त्याचा अर्थही कळावा लागतो. कुलीन अविवाहित बाईने ते चारचौघांत कबूल कसे करावे?

दुसरे पुस्तक म्हणजे आपल्याही शाळांतून पिढ्यान् पिढ्या वाचले गेलेले 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर'. चार्ल्स लॅम आणि त्याची बहीण मेरी यांनी हे मुख्यतः मुलींसाठी लिहिले. त्याचे कारण प्रस्तावनेतच दिले आहे: मुलग्यांना वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटाला हात लावण्याची मोकळीक लवकर मिळते, मुलींना ती उशिरा मिळते. वीसपैकी चौदा नाटकांच्या गोष्टी मेरीने लिहिल्या आणि मुखपृष्ठावर नाव आले फक्त चार्ल्सचे. थोडक्यात, बायकांसाठी वेगळे काढलेले साहित्य निवडले, सोवळे केले आणि सोपे केले ते बायकांनीच, आणि तेही पडद्याआड राहून.

हा विषय बायकांच्या कॉलेजात आला तो १८४८ साली. लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर 'क्वीन्स कॉलेज' सुरू झाले. उद्देश मर्यादित होता. श्रीमंतांच्या घरी मुले शिकवून पोट भरणाऱ्या गव्हर्नेस बायकांना धड शिक्षण मिळावे, त्यांच्या हाती काही प्रमाणपत्र असावे, एवढाच. तिथे इंग्रजी साहित्य शिकवायला आले पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले चार्ल्स किंग्जली. आपल्या भाषेतले साहित्य वाचून तरुणींची मने अस्सल इंग्रजी वळणाची राहतील, अशी त्यांची धारणा होती. पुढच्याच वर्षी बेडफर्ड कॉलेज निघाले. पुरुषांच्या जुन्या विद्यापीठांत इंग्रजीला दाराशीही उभे करत नव्हते, तेव्हा बायकांच्या या कॉलेजांत ते अभ्यासक्रमात बसले होते.

१८४८ म्हटल्यावर मराठी वाचकाला दुसरेच काही आठवेल. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सहा वर्षांनी, १८५४ साली, सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. हार्ली स्ट्रीटवरच्या प्राध्यापकांना इंग्रजी हवी होती ती मुलींची मने आहे त्या घडीत नीट बसावीत म्हणून; सावित्रीबाईंना ती हवी होती ती जातीची आणि अज्ञानाची घडी मोडावी म्हणून. एकाच भाषेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी एकाच काळातल्या आहेत. या विषयाची पुढची सगळी गोष्ट या दोन दृष्टींच्या झटापटीची आहे.

आणखी एक योगायोग म्हणावा, तर तो योगायोग नाही. इंग्रजी साहित्य अभ्यासक्रमात बसवलेली दुसरी जागा म्हणजे हिंदुस्थान. कलकत्त्याचे हिंदू कॉलेज १८१७ सालचे, मेकॉलेचा तो प्रसिद्ध खलिता १८३५ सालचा. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या ग्रंथात साधार दाखवले आहे की इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडात पक्का होण्यापूर्वी इथे, वसाहतीत, पक्का झाला. धर्मप्रसाराचा आरोप येऊ न देता एतद्देशीयांना 'सुसंस्कृत' आणि आज्ञाधारक करायचे, तर मिल्टन बायबलपेक्षा सोयीचा होता. म्हणजे घरातली प्रजा आणि साम्राज्यातली प्रजा, दोघींनाही एकच औषध दिले गेले. औषध देणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता असे म्हणवत नाही. पण औषध पोटात गेल्यावर काय करील, हे देणाऱ्याच्या हाती नसते.

विलायतेतल्या बायकांमध्ये यावरून दोन तट पडले. १८६९ साली गर्टन कॉलेज काढणाऱ्या एमिली डेव्हिस यांचा हट्ट असा की पुरुष जे शिकतात तेच, त्याच परीक्षा, तेच ग्रीक-लॅटिन मुलींनाही हवे. 'बायकांसाठी वेगळे' म्हणजे हलक्या प्रतीचे. १८७१ पासूनच्या न्यूनहॅमकरांचे म्हणणे असे की पुरुषांचा अभ्यासक्रमच जुनाट आहे, त्याच्यामागे कशाला लागायचे? हा वाद मराठी वाचकाला पुढे पुन्हा भेटणार आहे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी हा पदवीचा स्वतंत्र विषय होण्यास १८९४ साल उजाडले. त्या आधीच्या चर्चेत एका विद्वानाने मत दिले की या विषयाने बायकांची आणि पुढे शाळामास्तर होणाऱ्या दुय्यम-तिय्यम वकुबाच्या पुरुषांची सोय होईल! केंब्रिजने १९१७ साली इंग्रजीची स्वतंत्र परीक्षा सुरू केली. तिथले प्राध्यापक क्विलर-कूच यांच्या वर्गात बहुतांश मुली बसलेल्या असत, तरी ते व्याख्यानाची सुरुवात 'सभ्य गृहस्थहो' अशीच करीत, असे सांगतात. त्याच केंब्रिजने मुलींना पूर्ण पदवी दिली १९४८ साली. आपल्याला स्वातंत्र्य मिळाले त्यानंतर!

पण हलका म्हणून हाती दिलेल्या या विषयाने बायकांना एक गोष्ट दिली, जी देणाऱ्यांच्या हिशेबात नव्हती. त्याने त्यांना नोकरी दिली. बायकांच्या कॉलेजात शिकवायला बायका लागू लागल्या. कॅरोलाइन स्पर्जन १९१३ साली लंडन विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या, त्या बेडफर्ड या बायकांच्याच कॉलेजात आणि इंग्रजी साहित्याच्याच. त्यांचा शेक्सपिअरच्या प्रतिमासृष्टीवरचा १९३५ सालचा ग्रंथ अभ्यासकांना आजही सोडून चालत नाही. हेन्रिएटा बाउडलरचे नाव पुस्तकावर नव्हते. सव्वाशे वर्षांनी स्पर्जनबाईंचे नाव ठळक होते. मधल्या काळात जे घडले, ते कॉलेजांच्या वर्गात घडले.

व्हर्जिनिया वुल्फने १९२८ साली न्यूनहॅम आणि गर्टन इथल्या मुलींपुढे दोन व्याख्याने दिली. त्यांतून पुढच्या वर्षी 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक झाले. बाईला लिहायचे असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची एक खोली हवी, हे त्याचे सूत्र सर्वश्रुत आहे. उभी हयात बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला यातला हिशेब विशेष भावतो. प्रतिभा, स्फूर्ती वगैरे राहू द्या. आधी उत्पन्नाची शाश्वती सांगा, असे सांगणारा साहित्यिक विरळा. आणि पुस्तकातल्या निवेदिकेला ते पाचशे पौंड मिळाले कुठून? आत्याच्या मृत्युपत्रातून. ती आत्या वारली आपल्या मुंबईत, हवा खायला निघाली असताना घोड्यावरून पडून! विलायतेतल्या बाईच्या स्वतंत्र खोलीचे भाडे कुठल्या मुलखातून येत होते, ते वुल्फने जाता जाता एका ओळीत सांगून टाकले आहे. ती ओळ वाचून पुढे न जाता थांबायला शिकवणे म्हणजेच साहित्य शिकवणे.

आता आपल्याकडे येऊ. तरू दत्त ही बंगाली मुलगी १८७१ ते १८७३ या काळात केंब्रिजमध्ये राहिली आणि स्त्रियांसाठी भरणाऱ्या उच्च व्याख्यानांना बसली. याच व्याख्यानांतून न्यूनहॅम उभे राहिले. एकविसाव्या वर्षी ती क्षयाने गेली; तिचे फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचे पुस्तक तोवर प्रसिद्ध झाले होते. कलकत्त्यात बेथून यांच्या १८४९ सालच्या मुलींच्या शाळेला १८७९ साली कॉलेजचा वर्ग जोडला गेला तो एका विद्यार्थिनीसाठी. ती म्हणजे पुढे डॉक्टर झालेली कादंबिनी. तिच्याबरोबर पदवीधर झालेल्या चंद्रमुखी बसू १८८४ साली इंग्रजी घेऊन एम.ए. झाल्या. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी कौतुकाने त्यांना शेक्सपिअरच्या नाटकांची सचित्र प्रत भेट दिली. विधवाविवाहासाठी शास्त्रार्थ करणारा संस्कृत पंडित एका ख्रिस्ती मुलीला शेक्सपिअर देतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. चंद्रमुखी पुढे बेथून कॉलेजच्या प्राचार्य झाल्या.

आपल्या बाजूला कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकला जन्मलेल्या मुलीने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या गर्दीत एकटीने बसून पदवी घेतली. तिने पहिला वर्ग मिळवला, पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती काही तिला मिळाली नाही, कारण ती मुलगी होती. ऑक्सफर्डला जाण्यापूर्वी तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवले, आणि तेही मुलग्यांना. पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या अगदी उलटी. १८८४ ते १८८६ या काळात इंग्लंडातल्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या इंग्रजी शिकत होत्या आणि त्याच वेळी संस्कृत शिकवत होत्या. तिथल्या ज्ञानभाषांच्या पंक्तीला बसणारी एक भाषा मराठी मुलखातली विधवा तिथे जाऊन शिकवते आहे! इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

पण आपल्याकडचा खरा प्रयोग झाला तो हिंगण्याला. महर्षी अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. त्यामुळे भावनेच्या भरात निर्णय घेण्याची त्यांना सवय नव्हती. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या विद्यार्थिनी घेऊन त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातुःश्रींच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपले एस.एन.डी.टी. विद्यापीठ झाले. तिथल्या पदव्यांची नावेही देशी होती. बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा', एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा'. म्हणजे जिने विद्या घेतली ती आणि जी आता विद्या देऊ शकते ती. सुशिक्षितांतल्या अनेकांनी नाके मुरडली. हे बायकी शिक्षण, कमअस्सल पदवी, असे आक्षेप आले. गर्टन आणि न्यूनहॅमचा तो जुना वाद पुण्यात मराठीतून पुन्हा रंगला.

या विद्यापीठात कर्व्यांनी जी सांगड घातली, ती आज शंभर वर्षांनीही विचार करण्याजोगी आहे. सगळे शिक्षण मातृभाषेतून, पण इंग्रजी हा विषय सक्तीचा. गांधीजींना मातृभाषेचे माध्यम मनापासून पटले होते, पण इंग्रजी ऐच्छिक असावी असे त्यांचे मत होते. कर्व्यांनी गांधीजींचा आदर ठेवला, पण मत बदलले नाही. माध्यम मराठी म्हणजे विचार आपल्या भाषेत करायचा. इंग्रजी सक्तीची म्हणजे जगाचे दार आपल्या हाताने उघडता आले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच मुलीला मिळायला हव्यात. हा मधला मार्ग दिसायला तडजोड, पण होता मोठा धाडसाचा.

या मुशीतून निघालेली एक मुलगी म्हणजे बाळूताई खरे. हिंगण्याला शिकली, कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची पदवी घेतली, मुलींच्या शाळेत शिकवू लागली. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने तिचा 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह निघाला आणि पुण्यात गहजब झाला. शिकलेल्या, मिळवत्या आणि लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातले असे उघड लिहिणारी ही कोण, याचा शोध सुरू झाला. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून त्या सर्वांना ठाऊक झाल्या. त्या धीटपणाचे सगळे श्रेय कॉलेजला किंवा इंग्रजीला देणे हा मालतीबाईंवर अन्याय होईल. पण इंग्रजी वाचता येणारी आणि मराठीत विचार करणारी बाई काय करू शकते, याचा तो लखलखीत पुरावा आहे. पुढच्या पिढीत, महर्षींची नात गौरी देशपांडे यांनी इंग्रजी साहित्य शिकवले आणि कथा-कादंबऱ्या लिहिल्या त्या मुख्यतः मराठीत.

जपानचा विषय निघालाच आहे, तर नोटांत हयात गेलेल्या माणसाच्या नजरेने एक गोष्ट सांगतो. जुलै २०२४ मध्ये जपानने पाच हजार येनची नवी नोट काढली. तिच्यावर चित्र आहे त्सुदा उमेको या बाईंचे. वयाच्या सातव्या वर्षी सरकारने त्यांना शिकायला अमेरिकेला धाडले होते. परत येऊन १९०० साली त्यांनी टोकियोत मुलींना इंग्रजी शिकवणारी संस्था काढली. त्या आधीच्या पाच हजार येनच्या नोटेवर चित्र होते हिगुची इचियो या लेखिकेचे. एका राष्ट्राने आधी कथा लिहिणारी बाई आणि मग इंग्रजी शिकवणारी बाई आपल्या चलनावर छापावी, याचा अर्थ त्या राष्ट्राने या कामाची किंमत केली आहे. नुसते कौतुक करणे वेगळे आणि किंमत करणे वेगळे, हे बँकेतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुलींची कॉलेजे वाढली आणि इंग्रजीचे वर्ग भरले. १९४८ साली दिल्लीत निघालेल्या 'मिरांडा हाऊस' या कॉलेजच्या नावामागे जी कारणे सांगतात, त्यांत शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधली मिरांडाही आहे. बापाने बेटावर वाढवलेली, बापाकडूनच सगळे शिकलेली ती मुलगी. पण मुलींच्या कॉलेजातल्या मुलींनी आणि त्यांच्या प्राध्यापिकांनी हळूहळू बापाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. 'जेन एअर' पिढ्यान् पिढ्या शिकवली जात होती: गरीब, बाणेदार गव्हर्नेस आणि तिचा श्रीमंत मालक. मग कुणीतरी विचारले, त्या मालकाने माळ्यावर कोंडून ठेवलेली पहिली बायको कोण? ती जमैकाची, वसाहतीतली. तिचे म्हणणे कुणी ऐकले का? जीन ऱ्हीसने १९६६ साली 'वाइड सारगासो सी' लिहून तिला तोंड दिले. वसाहतीतल्या कॉलेजात बसून ही कादंबरी वाचणाऱ्या मुलीला जेनचा हेवा वाटतोच. पण माळ्यावरचे पाऊलही ऐकू येते. हे दुहेरी ऐकणे विलायतेतल्या वाचकाला शिकावे लागले. आपल्या मुलींना ते परिस्थितीनेच दिले होते.

पुढे मिरांडा हाऊसमधल्या प्राध्यापिकांनीच, आपण हा विषय का आणि कुणासाठी शिकवतो आहोत, याचा उघड विचार सुरू केला. राजेश्वरी सुंदर राजन यांनी संपादित केलेला 'द लाय ऑफ द लँड' हा १९९२ सालचा निबंधसंग्रह त्या मंथनाचा दस्तऐवज आहे. त्याआधी १९७४ सालीच एस.एन.डी.टी.त स्त्रियांविषयीच्या अभ्यासाचे देशातले पहिले केंद्र उभे राहिले होते. ज्या बायकी विषयाची आणि बायकी विद्यापीठाची टवाळी झाली, तिथेच आपल्या समाजाकडे नव्याने पाहण्याची साधने घडत होती.

याचा अर्थ सारे आलबेल होते असा नाही. आपल्या बहुतेक कॉलेजांत इंग्रजी साहित्य म्हणजे प्राध्यापकांनी नोट्स सांगायच्या, मुलींनी उतरवायच्या आणि परीक्षेआधी गाईड आणायचे, असेच चालत आले. कॉन्व्हेंटमधल्या मुली पुढच्या बाकांवर, मराठी शाळेतल्या मुली मागच्या बाकांवर, ही अदृश्य फाळणी वर्गावर्गांत होती आणि आहे. मागच्या बाकावरच्या मुलीला कविता कळत नव्हती असे नाही. ती कळली हे इंग्रजीत सांगता येत नव्हते. न सांगता येणे म्हणजे न कळणे, असा हिशेब आपण मांडला आणि किती बुद्धी वाया घालवली, याची मोजदाद कुठल्याही वहीत नाही.

आणि आता त्या विषयावरच संक्रांत आली आहे. 'साहित्य कशाला? संभाषणाचे इंग्रजी द्या, मुलाखतीचे द्या, ई-मेल लिहिण्याचे द्या,' असे पालक म्हणतात आणि संस्थाचालकही म्हणतात. खुद्द इंग्लंडात शेफिल्ड हॅलम विद्यापीठाने २०२२ साली इंग्रजी साहित्याची पदवी स्थगित करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा तिथेही कारणे सांगितली गेली ती नोकरीचीच. इंग्रजी हवी, पण साहित्य नको, असा हा नवा सौदा आहे. आमच्या मुली-सुनांना नोकरी लागते आहे हे मला कमी मोलाचे वाटत नाही; मी स्वतः नोकरीवरच जगलो. पण या सौद्यात आपण काय गहाण टाकतो आहोत, ते पाहायला हवे.

बँकेच्या शाखेत कर्जाच्या कागदांवर सह्या घेताना मी शेकडो बायका पाहिल्या. नवऱ्याच्या, दिराच्या, भावाच्या कर्जाला जामीन राहणाऱ्या. पुरुष बोट ठेवील तिथे सही करायची, हा रिवाज. त्यांत अंगठा उठवणाऱ्या होत्या, तशा फर्डे इंग्रजी बोलणाऱ्याही होत्या. भाषा येत होती. वाचण्याचा हक्क आपला आहे, हे ठाऊक नव्हते. क्वचित एखादी बाई म्हणे, "थांबा, मी वाचते," आणि मग प्रश्न विचारी: यात 'आम्ही' म्हणजे कोण? हे कलम कुणाच्या बाजूचे? इथे काय लिहायचे राहिले आहे? हे तीन प्रश्न म्हणजे साहित्याच्या वर्गातले तीन प्रश्न आहेत. बोलतो कोण, कुणाच्या बाजूने बोलतो, आणि काय गाळतो? संभाषणाचे इंग्रजी मुलीला उत्तरे द्यायला शिकवील. साहित्य तिला प्रश्न विचारायला शिकवते. 'उपयोग काय' या सवालाला माझे उत्तर एवढेच आहे, आणि ते मी कादंबरीकार म्हणून नव्हे, अधिकारी म्हणून देतो आहे.

मग करायचे काय? कर्व्यांची ती सांगड पुन्हा उघडून पाहावी. इंग्रजी साहित्य मराठीतून चर्चा करीत शिकवायला काय हरकत आहे? तालुक्याच्या गावातले प्राध्यापक आजही वर्डस्वर्थ मराठीतूनच समजावतात, पण चोरून, कमीपणा वाटून घेऊन. ते उजळ माथ्याने करावे. 'जेन एअर'च्या शेजारी 'कळ्यांचे निःश्वास' ठेवावे, वुल्फच्या खोलीशेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवावीत. मागच्या बाकावरच्या मुलीला आधी मराठीत बोलू द्यावे. आपल्याला काहीतरी सांगायचे आहे याची खात्री पटली की इंग्रजी मागाहून येते. आणि गाईड वाचून मिळणारे गुण बंद करावेत. हे सगळे करायला फार पैसा लागत नाही. लागते ती तयारी असलेल्या प्राध्यापिकांची आणि त्यांना कायम नोकरी देण्याची. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या बाईने मुलींना स्वतःच्या खोलीची आणि शाश्वत उत्पन्नाची महती सांगावी, यासारखी क्रूर थट्टा नाही.

देणाऱ्यांनी हा विषय बायकांना दिला तो बिनधोक म्हणून. सोवळा केलेला शेक्सपिअर, सोप्या केलेल्या गोष्टी, पुरुषांच्या पंगती उठल्यावर उरलेले. बायकांनी त्यातून पगार काढला, पुस्तके काढली, प्रश्न काढले. आज तो विषय निरुपयोगी म्हणून हळूच मागे घेतला जात असेल, तर बिनधोक म्हणून दिलेली ती वस्तू तशी राहिली नव्हती, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. उपयोगी नसलेल्या गोष्टी पुष्कळ असतात, त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. ज्यांचा उपयोग दुसऱ्याच कुणाला होऊ लागतो, त्यांच्याबाबतीतच 'उपयोग काय' हा प्रश्न निघतो.